स्त्रीवादी विनोद

स्त्रियांविषयीचे रूढ समज हास्याच्या मार्गाने उघडे पाडणारा विनोद. विनोद बाईने केला म्हणून तो स्त्रीवादी ठरत नाही. नेम कुणावर धरला आहे, त्यावर ते ठरते. ‘बायको माहेरी गेली, सुटलो’ या जातीच्या विनोदात हसे बायकोचे होते. स्त्रीवादी विनोदात ते होते बायको माहेरी गेल्यावर ज्याला चहाचे पातेले सापडत नाही त्याचे, आणि पातेले कुठे असते हे त्याला माहीत असायचे कारणच काय, असे धरून चालणाऱ्या घराचे.

असा विनोद स्त्रीमुक्ती चळवळीच्या आधीपासून बायकांच्या तोंडी होता, पण चार भिंतींच्या आत किंवा सणापुरता. भोंडला (काही भागांत हादगा, विदर्भ-खानदेशाकडे भुलाबाई) हे त्याचे ठळक ठिकाण. आश्विनात पाटावर हत्ती काढून मुली त्याच्याभोवती फेर धरतात आणि सासरच्या एकेका माणसाला गाण्यात घेतात. यातले वेड्या नवऱ्याचे गाणे आजही हमखास म्हटले जाते. बायको लाडू करते, तो चेंडू समजून खेळतो. ती करंज्या करते, तो होड्या समजून पाण्यात सोडतो. मुली हसून लोटपोट होतात. शेवटच्या कडव्यात बायको निजलेली असते आणि तो तिला मेलेली समजून जाळून टाकतो. तेही त्याच चालीत, त्याच हशात म्हटले जाते. गाण्यातला विनोद इथे किती काळा आहे, याकडे खिरापतीच्या घाईत फारसे कुणाचे लक्ष जात नाही.

मात्र या गाण्यांना सरसकट बंडखोर म्हणणे भाबडेपणाचे होईल. रुसून बसलेल्या सुनेच्या गाण्यात सासू-सासरे, दीर, नणंद दागिन्यांचे आमिष दाखवून थकतात. अखेर नवरा लाल चाबूक घेऊन येतो आणि ती मुकाट निघते. एकनाथांच्या भवानीआईला रोडगा कबूल करणाऱ्या भारुडातही तसेच. सासू-सासऱ्यांपासून नवऱ्यापर्यंत सगळ्यांना ‘ने’ आणि मला एकटीला राहू दे, ही सुनेची मागणी ऐकून श्रोते आजही खळखळून हसतात. अध्यात्मात तिचा अर्थ विकारांपासून सुटका असा लावतात. पण त्याच भारुडात फडफड बोलणाऱ्या जावेला बोडकी कर, असेही मागणे आहे. एका बाईची सुटका दुसरीच्या वैधव्यातून! मनातली वाफ इथे जाते, चूल मात्र जागची हलत नाही.

उपहासाला युक्तिवादाचे रूप दिले ते ताराबाई शिंदे यांनी. 1881 मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढे अपिलात कमी झाली. या निमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवरच तोंडसुख घेतले जाऊ लागले, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाईंनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक 1882 मध्ये पुण्यात छापले. त्यांची रीत साधी आणि जीवघेणी आहे. स्त्रियांवर ठेवले जाणारे दोष एकेक करून घ्यायचे आणि तेच माप पुरुषाला लावायचे. नवरा गेल्यावर बाईने केस द्यायचे, तर बायको मेल्यावर पुरुषाने दाढीमिशा भादरून रानात का जाऊ नये? सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या दारी गेली. बायकोसाठी त्या वाटेवर एक पाऊल टाकणारा नवरा कुणी ऐकला आहे का? भाषा बोलीतली, फटकळ, मध्येच शिवीच्या काठावर जाणारी. टीका झाली तेव्हा जोतीराव फुले यांनी आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकातून ताराबाईंची बाजू घेतली. पुढे पुस्तक विस्मरणात गेले. 1975 मध्ये संशोधक स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले.

हीच उलटापालट पाश्चात्त्य स्त्रीवाद्यांनीही वापरली. मताधिकाराच्या लढ्यात, 1915 मध्ये, अमेरिकन लेखिका अ‍ॅलिस ड्यूअर मिलर यांनी पुरुषांना मताचा हक्क का देऊ नये याची कारणे मांडली: पुरुष फार भावनाप्रधान असतात, बेसबॉलचे सामने आणि राजकीय अधिवेशने पाहा. अमेरिकन पत्रकार आणि स्त्रीवादी कार्यकर्त्या ग्लोरिया स्टायनम यांनी 1978 मध्ये पुरुषांना पाळी येत असती तर, अशी कल्पना केली. मग तिची लाज वाटली नसती, फुशारकी मारली गेली असती. न्यूयॉर्कमधील ‘गरिला गर्ल्स’ (गरिला म्हणजे गनिमी) या कलावतींच्या गटाने (स्थापना 1985) गोरिलाचे मुखवटे घालून आकडेच विनोदी केले. मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या आधुनिक कला विभागात 5 टक्क्यांहून कमी कलावंत स्त्रिया, पण नग्नचित्रांपैकी 85 टक्के स्त्रियांची; मग आत शिरायला बाईने कपडे उतरवायलाच हवेत का, असा प्रश्न त्यांच्या 1989 च्या पोस्टरवर होता.

मराठी रंगमंचावर हा विनोद चळवळीने आणला. 1975 मध्ये स्थापन झालेल्या स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकर यांचे ‘मुलगी झाली हो’ 1983 मध्ये केले. लोककलांच्या बाजाचे हे नाटक वस्त्यांपासून गावांपर्यंत गेले आणि त्याचे हजारो प्रयोग झाले. मुलगी जन्मल्यावर पडणारे चेहरे पाहून प्रेक्षक आधी हसत, कारण तसे चेहरे त्यांच्या घरात नुकतेच होऊन गेलेले असत.

बायकांना विनोद कळत नाही, हा या क्षेत्रातला सर्वांत चिवट समज आहे. त्याचे एक कारण घरातच सापडते: मुलीच्या जातीने खिदळू नये, दात काढू नयेत, असे सांगतच तिला वाढवले जाते. 2014 मध्ये तुर्कस्तानच्या उपपंतप्रधानांनी स्त्रियांनी चारचौघांत मोठ्याने हसू नये, असे भाषणात सांगितले, तेव्हा हजारो तुर्की स्त्रियांनी स्वतःची हसतानाची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकली. उत्तरादाखल एक शब्दही लिहायची गरज नव्हती.

आज मराठी स्टँडअपमध्ये स्त्रिया पाळी, लग्नाची स्थळे आणि सासरच्या अपेक्षा यांवर उघड बोलतात. दुसरीकडे दूरचित्रवाणीवर पुरुषाने साडी नेसून लचकणे हाच अजूनही खात्रीचा हशा आहे. खुद्द स्त्रियांच्या विनोदाचीही एक दुखरी जागा आहे. मध्यमवर्गीय लेखिकांच्या खुसखुशीत लेखांत दांड्या मारणारी, उणीदुणी सांगणारी कामवाली बाई हे ठरलेले हास्यपात्र असते. तिच्या दांडीमागचे कारण त्या लेखांत सहसा येत नाही, आणि तिच्या वस्तीत मालकिणींच्या नकला करून कोण किती हसते, हे तर छापलेच गेलेले नाही.