लाकडाचा वास इतका टिकतो कसा?

लिंबाची साल सोलली की वास क्षणात खोलीभर होतो. चंदनाचे खोड मात्र उगाळावे, नाहीतर किसावे लागते. हा फरक रेणूंच्या जडपणाचा. सालीतल्या लिमोनीनचा रेणुभार 136, तर चंदनातल्या सँटॅलॉलचा 220. शिवाय सँटॅलॉलचे रेणू हायड्रॉक्सिल गटामुळे (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीमुळे) एकमेकांना धरून बसतात, म्हणून ते उकळायला सुमारे 300 अंश सेल्सिअस लागतात. अत्तरातले हलके वास उडून गेल्यावर मागे लाकडाचा वासच उरतो, तो यामुळे. लाकडाचे तेल काढताना येणाऱ्या अडचणींचे मूळही बहुतेक वेळा इथेच सापडते.

चंदनात तेल असते ते गाभ्यात. बाहेरच्या पांढुरक्या लाकडाला वास जवळजवळ नसतो, त्यामुळे ते वेगळे न करता सरसकट दळले की भांडे भरते, पण तेल कमी मिळते. गाभ्याचा भुसा करून त्यातून वाफ सोडतात. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नसल्याने दोघांच्या बाष्पदाबांची (वाफेच्या दाबांची) बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की मिश्रण उकळते, आणि म्हणून सँटॅलॉलही 100 अंशांच्या आतच वाफेबरोबर निघते. पण निघते अगदी थोडे थोडे. पारंपरिक भट्टी दोन-तीन दिवस चालते ती उगाच नाही. आधी सँटॅलीनसारखे हलके हायड्रोकार्बन बाहेर पडतात आणि ज्या सँटॅलॉलसाठी हा खटाटोप, ते सावकाश मागून येते. इंधन वाचवायला भट्टी लवकर उतरवली तर तेल हाती लागते, पण त्याचा वास पातळ आणि कोरडा असतो.

दुसरी अडचण तेल गोळा करताना येते. चंदनतेलाची घनता 0.97 च्या आसपास, म्हणजे पाण्याला अगदी लागून, त्यामुळे ते पाण्यावर चटकन तरंगून येत नाही. गोळा झालेले पाणी कोमट ठेवले तर थर लवकर सुटतात. ग्वायाक या दक्षिण अमेरिकी लाकडाचे तेल तर साध्या तापमानाला गोठते. थंडगार नळीत ते जमून बसते आणि वाट अडते.

अगरूचे, म्हणजे ऊदाच्या सुगंधी लाकडाचे, प्रकरण आणखी वेगळे. निरोगी झाडाच्या लाकडाला तो वास नसतो. खोडाला जखम होऊन बुरशी शिरली की झाड बचावासाठी राळ तयार करते आणि लाकूड काळपट होते. या राळेतली क्रोमोने नावाची संयुगे वाफेबरोबर फारशी येत नाहीत, पण निखाऱ्यावर ती फुटतात आणि त्यातून नवे सुगंधी रेणू तयार होतात. म्हणूनच अगरूचा धूर आणि अगरूचे तेल यांचा वास सारखा नसतो. ऊर्ध्वपातनाआधी, म्हणजे वाफेने तेल काढण्याआधी, लाकूड बरेच दिवस भिजवले तर ते आंबते आणि तेलाला चामड्यासारखा, गोठ्याची आठवण देणारा वास येतो. काहींना तो हवाच असतो. अगरू देणारी अक्विलेरिया ही प्रजाती सायटीस या वन्य जीव-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे देशाबाहेर नेताना परवाना लागतो.

देवदाराच्या नावाने बाजारात बरेच काही येते. व्हर्जिनियन सीडार खरे तर जुनिपर आहे. त्याच्या तेलात सेड्रॉल असते आणि थंडीत त्याचे पांढरे स्फटिक बाटलीच्या तळाशी जमतात. त्याला भेसळ समजून गाळून टाकणे म्हणजे तेलातला चांगला भागच फेकणे. बाटली कोमट पाण्यात धरा, स्फटिक विरघळले की हलवा, मगच वजन करा. ग्वायाकचेही तसेच.

चंदनतेलाची घरगुती परीक्षा मात्र सोपी आहे. एका परीक्षानळीत 1 मिली तेल घ्या, त्यात 70 टक्के अल्कोहोल 5 मिली घाला आणि नळी साधारण 20 अंशांना ठेवून हलवा. शुद्ध तेल स्वच्छ विरघळते. द्रव गढूळ झाला तर त्यात एरंडेलासारखे स्थिर (न उडणारे) तेल किंवा सीडार असल्याची शंका घ्यावी. पण कृत्रिम सुगंधी द्रव्ये मिसळलेली असतील तर ही परीक्षा ती पकडू शकत नाही. त्याला तेलातले घटक वेगळे करून दाखवणारी गॅस क्रोमॅटोग्राफी ही प्रयोगशाळेतली चाचणीच हवी.

अत्तराच्या मिश्रणासाठी 1 ग्रॅम तेल 9 ग्रॅम अल्कोहोलात घालून 10 टक्के द्रावण करा. थेंब मोजू नका. घट्ट तेलाचा थेंब मोठा पडतो. कागदाची पट्टी द्रावणात बुडवून तिच्यावर तारीख-वेळ लिहा आणि 10 मिनिटांनी, तासाने, दुसऱ्या दिवशी हुंगा. पट्टी सतत नाकाशी धरली तर नाक थकते आणि वास गेलासा वाटतो. थोडा वेळ मोकळ्या हवेत जाऊन या, तो पट्टीवर असतोच.