नर्सिंग शिक्षण, कोल्हापूर

आजारी माणसाची शुश्रूषा करण्याचं रीतसर शिक्षण. सरकारी कागदावर याला 'परिचर्या' म्हणतात, पण कोल्हापुरात तो शब्द कुणाच्या तोंडी नाही, पोरगी 'नर्सिंगला आहे' एवढं म्हटलं की समोरच्याला कळतं. या नोंदीत शहर आणि जिल्ह्याबरोबर मिरजेचाही विचार केलाय, कारण मिरज बाजूला ठेवली तर इथला इतिहास अर्धाच राहतो.

आरंभ : सुरुवात कधी झाली याचं उत्तर आपण काय मोजतो यावर ठरतं. वॉर्डात डॉक्टरच्या हाताखाली काम करत शिकलेली बाई मोजायची, बाळंतपणाचं शिक्षण घेतलेली सुईण मोजायची, की परीक्षा देऊन सर्टिफिकेट घेणारी विद्यार्थिनीच खरी धरायची, यावरून साल पंचवीस-तीस वर्षं तरी इकडंतिकडं सरकतं.

पहिलं मत दवाखान्यापासून धरतं. भाऊसिंगजी रोडवरचं आजचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे सीपीआर, जुन्या लोकांचा 'थोरला दवाखाना'. मूळ नाव अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल, आराखडा मेजर चार्ल्स मँटचा, ज्याने नवा राजवाडाही आखला. इमारतीला कुठं १८८१ तर कुठं १८८४ साल लावलेलं दिसतं, त्यात फार भांडण्यासारखं काही नाही, बांधकाम साधारण या दोन सालांच्या दरम्यानचं. याच दवाखान्याच्या स्त्री-विभागावर १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशींची नेमणूक झाली, आणि पुष्कळ जण इथल्या नर्सिंगची कहाणीही तिथूनच सुरू करतात. नाव मोठं आहे म्हणून मोह होतो हे समजू शकतं, पण आनंदीबाई रुजू होऊ शकल्याच नाहीत, २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या वारल्या. त्या नेमणुकीवरून एवढंच म्हणता येतं की बायकांच्या वॉर्डावर बाईच हवी हे दरबाराला तेव्हाच पटलेलं होतं. शिवाय बायकांना वैद्यकीय मदत मिळावी म्हणून १८८५ मध्ये निघालेल्या डफरिन फंडाच्या उद्देशांत शिकलेल्या नर्स आणि सुईणी पुरवणं हेही होतंच, म्हणजे वारं देशभर तसं वाहत होतं.

दुसरं मत सूतिकाशास्त्राकडून, म्हणजे बाळंतपणाच्या शास्त्राकडून येतं आणि ते जास्त वजनदार वाटतं. डॉ. कृष्णाबाई केळवकर या कोल्हापूरच्याच, त्यांच्या आई रखमाबाई केळवकर संस्थानातल्या मुलींच्या शिक्षणाचं काम बघायच्या. शाहू महाराजांनी कृष्णाबाईंना १९०२ च्या सुमारास डब्लिनला पुढच्या शिक्षणासाठी पाठवलं, परत आल्यावर त्यांनी थोरल्या दवाखान्यातच काम केलं. आता त्या डॉक्टर, नर्स नव्हेत, हा आक्षेप बरोबर आहे. तरी ज्या काळात बाळंतपण घरात, काळोख्या खोलीत, सुईणीच्या हातानं व्हायचं त्या काळात दवाखान्यात बाळंतपण करता येतं हे घराघरात पटल्याशिवाय नर्सिंगला विद्यार्थिनी मिळाल्याच नसत्या, आणि ते पटवायला आपल्यातलीच शिकलेली बाई समोर असणं मोठी गोष्ट होती.

तिसरं मत मिरजेचं. डॉ. विल्यम वानलेस यांचं अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं हॉस्पिटल तिथं १८९४ चं. १८९७ हे साल नर्सिंगलाही सरसकट जोडलं जातं, पण ते मुळात तिथल्या डॉक्टरी शिक्षणाचं साल म्हणून जास्त पक्कं आहे, नर्सचं शिक्षण त्या सुमारापासून पुढं हळूहळू बसत गेलं असं धरणं बरं. मिरज वेगळं संस्थान, पण १८९१ मध्ये कोल्हापूर-मिरज रेल्वे सुरू झालेली, अंतर पन्नास किलोमीटरच्या आत, त्यामुळं पेशंटही तिकडं जायचे आणि कामाची पद्धतही तिकडून इकडं यायची. याचा एक पुरावा शाहू महाराजांच्या १९१९ च्या हुकमात आहे. अस्पृश्य रुग्णांना सरकारी दवाखान्यांत नीट, आपुलकीनं वागवलं पाहिजे असं बजावताना त्यांनी नमुना म्हणून मिरजेच्या मिशन हॉस्पिटलचंच नाव घेतलं. नर्सिंगच्या इतिहासात हा हुकूम सहसा कुणी घेत नाही, घ्यायला पाहिजे, कारण अंग पुसणं, जखम धुणं, शौचाचं भांडं देणं हे सगळं हात लावल्याशिवाय होतच नाही, आणि नेमकं तिथंच तेव्हा अडत होतं.

नोंदणी आणि कायदा : मुंबई इलाख्यात नर्सच्या नोंदणीचा कायदा १९३५ चा. कोल्हापूर संस्थान त्याच्या बाहेर होतं, ते १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. देशपातळीवरचा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा १९४७ चा, महाराष्ट्राचा स्वतःचा १९६६ चा. पदव्यांच्या परीक्षा १९९८ नंतर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडं गेल्या, अभिमत विद्यापीठांच्या वेगळ्या.

आजची स्थिती : एएनएम (सहायक नर्स आणि प्रसाविका) दोन वर्षं, जीएनएम (जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरी) तीन, बीएस्सी नर्सिंग चार. सीपीआरला जोडून सरकारी प्रशिक्षण आहे, डी. वाय. पाटील समूहाचं कॉलेज आहे, बाकी खाजगी कॉलेजं बरीच. एएनएम झालेल्या मुली बहुतेक गावोगावच्या आरोग्य उपकेंद्रांवर जातात, सपाटीला ५००० आणि डोंगराळ भागात ३००० लोकसंख्येमागं एक उपकेंद्र असा निकष आहे, गगनबावडा-शाहूवाडीकडं मात्र ३००० माणसं म्हणजे किती वाड्या आणि किती चढ हे त्या नर्सबाईलाच विचारावं.

शब्द : सरकारी नावं अशी, स्टाफ नर्स म्हणजे अधिपरिचारिका, वॉर्डची इन्चार्ज ती परिसेविका, शिकवणारी पाठ्यनिर्देशिका आणि मेट्रन म्हणजे अधिसेविका. वॉर्डात सगळ्या 'सिस्टर', पुरुष असेल तर 'ब्रदर'. विलायती दवाखान्यांत सिस्टर हा वॉर्डप्रमुखाचा हुद्दा होता, इथं तो पहिल्या वर्षाच्या पोरीलाही पहिल्या दिवशीच मिळतो, अजून चादरीचा कोपरा पंचेचाळीस अंशात दुमडायला जमत नसतं आणि खाटेवरचा म्हातारा हाक मारतो, 'ओ सिस्टर, जरा पाणी द्या की.'

शपथविधी : नव्या तुकडीचा दीपप्रज्वलन आणि शपथेचा कार्यक्रम सगळीकडं होतो, फ्लोरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस १२ मे हा परिचारिका दिन म्हणून वेगळा साजरा होतो. शपथेच्या वेळी प्रत्येकीच्या हातात पेटती मेणबत्ती असते, ती विझू नये म्हणून हॉलमधले पंखे बंद करतात, आणि शपथ संपेपर्यंत पहिल्या रांगेतले पाहुणे कार्यक्रमपत्रिकेनं वारा घेत बसतात.