मोबाइलने मक्याचे दाणे फुटत नाहीत

टेबलावर मक्याचे दाणे, भोवती तीन-चार मोबाइल. सगळे एकदम वाजतात आणि दाणे ताडताड उडतात. ‘मग डोक्याचं काय होत असेल?’ असं विचारत हा व्हिडिओ वर्षानुवर्षं फिरतोय. तो २००८ चा आहे आणि बनावट आहे. कार्डो सिस्टिम्स या ब्लूटूथ हेडसेट बनवणाऱ्या कंपनीने तो जाहिरातीसाठी केला होता. पुढे कंपनीने तसं कबूलही केलं.

दाण्यातल्या ओलाव्याची वाफ कोंडून टणक साल फाटायला आतलं तापमान सुमारे १८० अंश सेल्सिअसवर जावं लागतं. मायक्रोवेव्हमध्ये ७०० ते १००० वॅट बंद पेटीत कोंडलेले असतात, तरी पहिली लाही फुटायला वेळ लागतोच. मोबाइल फार तर एक-दोन वॅट सोडतो, तेही चहूकडे. तेवढ्याने दाणा कोमटही होणार नाही.

काळजी वाटणं मात्र चुकीचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये मोबाइलमधून निघणाऱ्या रेडिओ लहरी ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकल्या, कारण पुरावा मर्यादित होता. त्याचा अर्थ ‘सिद्ध झालं’ असा नाही. भारतात शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेची मर्यादा किलोमागे १.६ वॅट आहे. *#०७# डायल करा, बहुतेक फोनवर त्याचा आकडा लगेच दिसतो.