रेणूंचा कुलंब स्फोट

तीव्र लेसर स्पंदामुळे रेणूतील अनेक इलेक्ट्रॉन अत्यल्प काळात निघून गेले, की मागे राहिलेले धनभारित आयन परस्परांच्या प्रतिसारणाने वेगाने दूर फेकले जातात. या प्रक्रियेस कुलंब स्फोट म्हणतात. प्रयोगांत वापरलेले स्पंद बहुधा ५ ते १०० फेम्टोसेकंदांचे असतात (१ फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाचा अब्जावा भाग) आणि तीव्रता दर चौ. सेंमी.स १० च्या १४व्या ते १६व्या घाताइतके वॅट असते. स्ट्रिकलंड व मूरू यांची स्पंद ताणून, वर्धित करून पुन्हा आकुंचित करण्याची पद्धत १९८५ मध्ये पुढे आल्यानंतर अशा तीव्रता साध्या प्रयोगशाळेत मिळू लागल्या.

आयनीभवन : टायटॅनियम-नीलमणी लेसरच्या ८०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या फोटॉनाची ऊर्जा १.५५ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते, तर नायट्रोजन रेणूची आयनीभवन ऊर्जा १५.५८ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. त्यामुळे एक इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला निदान ११ फोटॉन लागतात. तीव्रता १० च्या १४व्या घातापर्यंत पोहोचली, की १ अँगस्ट्रॉम अंतरात विभव सु. २.७ व्होल्टने बदलतो. रेणूचा विभवरोध (इलेक्ट्रॉनाला अडवणारी ऊर्जेची भिंत) एका बाजूने वाकतो आणि इलेक्ट्रॉन त्यातून बोगदा परिणामाने (रोध ओलांडण्याइतकी ऊर्जा नसतानाही त्यातून पार होऊन) बाहेर पडतो. केल्डिश यांनी १९६४ मध्ये अनेक फोटॉनांचे शोषण व बोगदा परिणाम ही दोन्ही वर्णने एकाच सिद्धांताच्या दोन मर्यादा असल्याचे दाखवले.

रेणूचे आयनीभवन केवळ आयनीभवन ऊर्जेवर ठरत नाही. ऑक्सिजन (१२.०७ इलेक्ट्रॉन व्होल्ट) व झेनॉन (१२.१३) यांची मूल्ये जवळजवळ सारखी असूनही ऑक्सिजनाचे आयनीभवन लक्षणीय कमी होते, असे १९९० च्या दशकात आढळले. ऑक्सिजनाचा सर्वांत बाहेरचा कक्षक (इलेक्ट्रॉनाचा वावर असलेला प्रदेश) प्रतिबंधी (बंध दुबळा करणारा) असल्याने दोन अणूंपासून निघणाऱ्या इलेक्ट्रॉन-तरंगांचे परस्परविरोधी व्यतिकरण होते (ते एकमेकांना क्षीण करतात), हे स्पष्टीकरण बरेच मान्य झाले. मात्र फ्ल्युओरिनाचा कक्षकही त्याच प्रकारचा असून त्यात अर्गॉनच्या तुलनेत अशी घट मिळाली नाही. म्हणून हे स्पष्टीकरण एकट्याने पुरे पडत नाही.

खंडांची ऊर्जा : या विषयातला सर्वांत जुना वाद येथेच आहे. एकेरी भाराचे दोन आयन १ अँगस्ट्रॉम अंतरावर असतील, तर त्यांची प्रतिसारण ऊर्जा १४.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट येते. हायड्रोजनाची बंधलांबी ०.७४ अँगस्ट्रॉम, म्हणजे दोन्ही इलेक्ट्रॉन क्षणात गेले, तर प्रोटॉनांना मिळून सु. १९.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट मिळायला हवेत. प्रत्यक्षात लांब स्पंदांनी फुटलेल्या रेणूंचे खंड (फुटून निघालेले आयन) याहून बरेच मंद निघतात. फ्रासिन्स्की, कॉडलिंग व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये नायट्रोजनावर केलेल्या कामापासून ही तफावत अनेक रेणूंत दिसत आली.

फ्रान्समधील सॅक्ले येथील गटाने १९९४ मध्ये असे सुचवले, की लेसर क्षेत्र रेणूला एका वाढलेल्या अंतरावर काही काळ धरून ठेवते. दुसरे मत १९९५ मध्ये झुओ व बँड्रॉक आणि सायडमन, इव्हानोव्ह व कॉर्कम यांनी स्वतंत्रपणे मांडले. बंध ताणला जात असताना दोन अणुकेंद्रांमधला विभवरोध वाढतो आणि क्षेत्राच्या दिशापालटाबरोबर इलेक्ट्रॉनाला पलीकडे सरकता येत नाही. क्षेत्राने वर उचललेल्या बाजूला अडकलेला इलेक्ट्रॉन तिथूनच थेट बाहेर पडतो. त्यामुळे एका विशिष्ट अंतराजवळ आयनीभवन कमालीचे वाढते आणि स्फोट त्या अंतरापासून सुरू होतो. आयोडीन रेणू एका स्पंदाने फोडून दुसऱ्याने तपासण्याचा १९९६ चा प्रयोग या मताला अनुकूल ठरला व आज तेच अधिक ग्राह्य धरले जाते. हायड्रोजन रेणू-आयनासाठी (एक इलेक्ट्रॉन गेलेल्या हायड्रोजन रेणूसाठी) मात्र गणिताने दोन अंतरे (सु. ३.७ व ५.३ अँगस्ट्रॉम) सुचवली होती. जर्मनीतील प्रयोगात २००५ मध्ये त्यांचे संकेत मिळाले, पण २००८ मधील एका प्रयोगात ती रचना दिसली नाही.

मोजमाप : अतिनिर्वात कोठीत वायूचा बारीक झोत लेसरच्या केंद्रबिंदूतून जातो. खंड विद्युत् क्षेत्राने शोधकाकडे ओढले जातात. प्रत्येकाची पोहोचण्याची वेळ व जागा नोंदवून त्याचा संवेग काढतात. सर्वांच्या संवेगांची बेरीज शून्याजवळ आली, तर ते एकाच रेणूचे मानतात. सु. ८ फेम्टोसेकंदांच्या स्पंदांत बंध ताणायला वेळच मिळत नाही. त्यामुळे जड पाणी व सल्फर डाय-ऑक्साइड यांची मूळ रचना खंडांवरून बरीचशी परत मांडता आली.

बहुअणू रेणू व समूह : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दीपक माथुर, जी. रवींद्र कुमार व सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात कार्बन डाय-सल्फाइडासारख्या रेणूंचा अभ्यास केला. झेनॉनाच्या हजारो अणूंच्या समूहांतून १९९७ मध्ये १० लाख इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत ऊर्जेचे आयन मिळाले. तिथे प्रतिसारणाबरोबर तप्त इलेक्ट्रॉनांच्या दाबाचाही वाटा असतो. मोठ्या समूहांत हा दाबच प्रधान असावा.