पार्श्वभूमी : छोट्या शाळेच्या फळ्यावरचा २० चा आकडा

फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात रोज सकाळी वार आणि दिनांक लिहिला जातो, त्याखाली पट आणि हजर. मोठ्या शाळेत त्या कोपऱ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. वाडीवरच्या शाळेत मात्र पट १९ चा २१ झाला की गावभर बोललं जातं आणि २१ चा १९ झाला की व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पहिला विषय तोच असतो. एप्रिलचा शाळापूर्व तयारी मेळावा, जूनचा प्रवेशोत्सव, समितीची निवड, जानेवारीतलं स्नेहसंमेलन हे कार्यक्रम सगळीकडेच होतात. छोट्या शाळेत त्या प्रत्येकाच्या मागे ‘वीसच्या वर राहू ना?’ ही धाकधूक असते.

गावात शाळा हवी, हा विचार आपल्याकडे जुना. कोल्हापूर संस्थानात १९१७ मध्ये सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय झाला, मुंबई प्रांताचा प्राथमिक शिक्षण कायदा १९४७ चा, आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्यावर खेड्यातल्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. लहान गावात तेव्हा एकशिक्षकी शाळा सर्रास असे. गुरुजी तालुक्याला बैठकीला गेले की शाळेला कुलूप. हे चित्र बदलायला १९८७ ची खडू-फळा मोहीम यावी लागली. दोन खोल्या आणि दोन शिक्षक, त्यातली शक्यतो एक शिक्षिका, हे किमान मानक तिने देशभर ठरवून दिलं. म्हणजे दुसरा शिक्षक ही अलीकडची चैन नाही. तो मिळवायला कित्येक वर्षं गेली आहेत.

दुसरी गोष्ट वस्तीशाळांची. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, जिथे मुलं मोजकी आणि गावातली शाळा लांब, अशा पाड्यांवर, तांड्यांवर, मळ्यांच्या वस्त्यांवर वस्तीशाळा निघाल्या. कुणाच्या पडवीत, समाजमंदिरात, झाडाखाली. गावातलाच शिकलेला मुलगा किंवा सून तुटपुंज्या मानधनावर शिकवायची. शिक्षण हक्क कायद्यानंतर त्यांच्या नियमित प्राथमिक शाळा झाल्या आणि २०१४ मध्ये तिथल्या निमशिक्षकांना सेवेत कायम करण्यात आलं. आज ‘कमी पटाच्या’ म्हणून यादीत येणाऱ्या शाळांपैकी अनेकींचा जन्म असा आहे. त्यांचा पट घसरलेला नाही. वस्ती छोटी होती, म्हणूनच तिथे शाळा काढली. यादी करताना हा फरक कुठेही नोंदवला जात नाही, आणि पुढचा बराच गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आता २० च्या आकड्याकडे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४, असा तक्ता कायद्याच्या परिशिष्टात आहे. तक्त्याला वरच्या पायऱ्या आहेत, खालची मर्यादा नाही. ७ मुलं असली तरी ती ‘६० पर्यंत’ या ओळीतच येतात आणि त्यांनाही २ शिक्षक लागू होतात. मग २० कुठून आलं? राज्याने २०११ मध्ये कायद्याखाली नियम केले, त्यातून. पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून १ किलोमीटरच्या आत असावी आणि त्या परिसरात ६ ते ११ वयाची, प्रवेश घ्यायला तयार अशी किमान २० मुलं असावीत, असं त्या नियमात आहे. सहावी ते आठवीसाठी हे अंतर ३ किलोमीटर.

हा नियम शाळा स्थापन करण्याचा आहे. नवी शाळा कुठे काढायची, एवढंच तो सांगतो. चालू असलेल्या शाळेत २० पेक्षा कमी मुलं झाली तर ती बंद करावी, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. शाळा उघडण्याची अट पुढे शाळा चालू ठेवण्याची अट होऊन बसली. कुठल्याही दुरुस्तीने हा बदल झालेला नाही. पत्रांच्या विषयओळींतून आणि माहिती मागवण्याच्या तक्त्यांतून तो झाला. ‘२० पेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती’ अशी रकान्यांची शीट वर्षानुवर्षं भरून घेतली की २० ही रेघ आपोआप कायद्यासारखी वाटायला लागते. गावातले लोकही ‘वीसच्या खाली गेलं की बंद’ असं बोलतात, आणि त्या बोलण्यानेच पुढच्या वर्षीचे दोन-तीन प्रवेश तालुक्याच्या गावी जातात. अफवेने पट घसरतो आणि घसरलेला पट अफवेला पुरावा होतो.

‘पट’ हा शब्दही वाटतो तेवढा सरळ नाही. हजेरीपटावरची नावं म्हणजे पट, हा जुना अर्थ. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला राज्यभर पटपडताळणी झाली. पटावर नावं आणि वर्गात मुलंच नाहीत, असे प्रकार उघडे पडले होते. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला शाई लावली गेली. बोगस पट फुगवण्याचा फायदा कुणाला होता आणि संशयाची छाया कुणावर पडली, याचा हिशेब मांडला तर वाडीवरच्या शाळेवर अन्याय झाला असंच म्हणावं लागतं. जिथे सगळं गाव प्रत्येक मुलाला नावाने ओळखतं, तिथे १५ चे ४० दाखवून लपणार कुठे?

त्यानंतर नुसत्या हजेरीपटावरचा विश्वास उडाला. २०१५ पासून सरल प्रणालीत प्रत्येक मुलाची ऑनलाइन नोंद आली. त्याच वर्षी २८ ऑगस्टच्या निर्णयाने संचमान्यतेचे निकष ठरले. कोणत्या शाळेला किती शिक्षक मंजूर, ते सांगणारं पत्रक म्हणजे संचमान्यता. त्यासाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात, आणि अलीकडे त्यातही आधार जुळलेलीच मुलं. म्हणजे एकाच वर्गाचे तीन पट झाले : बाकावर बसलेली मुलं, हजेरीपटावरची नावं आणि आधार वैध नोंदी. शिक्षक ठरतो तिसऱ्यावर.

पहिली ते पाचवीचा आणि सहावी ते आठवीचा पट वेगवेगळा मोजतात, हे अनेक पालकांच्या लक्षात येत नाही. पहिली ते सातवीच्या शाळेत ५२ मुलं आहेत, त्यातली सहावी-सातवीत १४. गावाला वाटतं, पन्नास ओलांडले, काळजी नाही. संचमान्यता मात्र ३८ आणि १४ असे दोन तुकडे करून बघते.

डिसेंबर २०१७ मध्ये १० पेक्षा कमी पटाच्या १३१४ शाळा बंद करून मुलं जवळच्या शाळेत हलवण्याचं ठरलं. तेव्हा रेघ १० वर होती. मोठा विरोध झाला, अंतराच्या तक्रारी आल्या. घाट, ओढा, महामार्ग, जंगल यांचा विचार न करता अंतर मोजलं, ही मुख्य तक्रार होती. नकाशावरची सरळ रेघ ८०० मीटर निघते, पण पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की सहा वर्षांच्या मुलाला तीन किलोमीटरचा वळसा पडतो. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची मुलं, शाळा बंद केली म्हणून, शेळ्या घेऊन नाशिकला जिल्हा परिषदेत गेली. आमची दप्तरं घ्या आणि शेळ्या द्या, ही त्यांची मागणी होती.

२१ सप्टेंबर २०२३ च्या पत्राने रेघ १० वरून २० वर आली. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवले गेले. नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातलं पानशेत ही उदाहरणं पुढे ठेवली होती. तेव्हा चर्चेत आलेला आकडा १४,७८३ शाळा आणि सुमारे १ लाख ८५ हजार मुलं असा होता. भागाकार केला तर सरासरी साडेबारा मुलं पडतात.

समूह शाळेमागचा युक्तिवाद पोकळ नाही. चार इयत्तांत मिळून आठ मुलं असली की कबड्डीचे दोन संघ होत नाहीत. तिसरीत एकच मुलगी असेल तर तिला जोडीने वाचायला कुणी मिळत नाही. ग्रंथालय आणि प्रयोगाचं साहित्य मोठ्या शाळेत परवडतं. पण यातल्या बऱ्याच अडचणींवर मुलांना समूह शाळेत नेणारी बस न लावताही उपाय आहे. आठवड्यातून एक दिवस केंद्रातल्या, म्हणजे जवळच्या शाळांच्या गटातल्या, दोन-तीन शाळांनी एकत्र बसायचं, पुस्तकपेटी फिरती ठेवायची, खेळाचा तास एकत्र घ्यायचा. मुलं रोज हलवण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. बस बंद पडली, चालक आला नाही, वाहतूक भत्ता खात्यात उशिरा आला, तर पहिली गळते ती मुलगी आणि ऊसतोड कामगाराचं मूल. हा धोका कागदावरच्या बचतीत धरलेला नसतो.

१५ मार्च २०२४ च्या संचमान्यता निर्णयाने २० पर्यंतच्या पटाला एक नियमित शिक्षक आणि गरज पडल्यास दुसरा सेवानिवृत्त शिक्षक, अशी व्यवस्था आणली. सहावी ते आठवीच्या गटात पट २० च्या खाली असेल तर शून्य शिक्षक. १९८७ पासून जपलेला दुसरा नियमित शिक्षक इथे निसटला. वर सांगितलेल्या शाळेतल्या १४ मुलांचे वर्ग मग प्राथमिकच्या शिक्षकांनीच सांभाळायचे. ५ सप्टेंबर २०२४ ला, म्हणजे शिक्षकदिनीच, सेवानिवृत्ताऐवजी कंत्राटी शिक्षकाचा निर्णय निघाला. त्याच महिन्यात त्याची मर्यादा २० वरून १० पटावर आणली गेली, शिक्षकांनी सामूहिक रजा आंदोलन केलं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कंत्राटी नेमणुकांचा तो निर्णय रद्द झाला. सहा महिन्यांत एवढे बदल झाले तर वाडीवरच्या पालकाने कशाच्या भरवशावर मुलाचं नाव घालायचं?

पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातली जालिंदरनगरची शाळा २०२२ मध्ये ३ मुलांवर आली होती. नंतर तिचा पट शंभरापलीकडे गेला आणि २०२५ मध्ये जागतिक पातळीवरच्या शालेय पुरस्कारांत लोकमताचा मान तिला मिळाला. प्रत्येक छोटी शाळा अशी वाढेल असं नाही, सगळ्या वस्त्यांवर तेवढी मुलंही नाहीत. पण ३ पटाला कुलूप लावलं असतं तर हे कळलंच नसतं.

छोट्या शाळेच्या वर्षातल्या तारखा या पार्श्वभूमीवर वाचाव्या लागतात.

शाळापूर्व तयारी मेळावा २०२२ पासून होतो, पहिला एप्रिलच्या सुमारास, दुसरा जूनमध्ये. मांडणी सात टेबलांची : नोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक-भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी आणि पालकांना मार्गदर्शन. दोरीवर उड्या, कागदाची घडी, चित्र बघून गोष्ट सांगणं, खडे मोजणं. प्रत्येक टेबलावर मुलाच्या विकासपत्रात नोंद होते. चूक होते ती पहिल्याच टेबलावर. नोंदणीला फक्त नाव आणि वय लिहून घेतात. जन्मदाखला आणि आधार तिथेच शेजारी ठेवून अक्षर-अक्षर जुळवलं तर सप्टेंबरमधली धावपळ वाचते. आधार अवैध ठरतं ते बहुतेक वेळा तीन कारणांनी : नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख आणि लिंगाचा रकाना. जन्मदाखल्यावर ‘बाळ’ किंवा घरगुती नाव असेल तर आधी दाखला दुरुस्त करायचा, मग आधार, शेवटी पोर्टलवरची नोंद. उलट क्रमाने गेलं की तीच फेरी दोनदा करावी लागते.

दुसऱ्या गावाहून आलेलं मूल शाळेत बसायला लागतं, पण जुन्या शाळेने ऑनलाइन विनंती मंजूर करेपर्यंत त्याची नोंद तिकडेच राहते. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, कायद्याचं कलम ५ तसं स्पष्ट सांगतं. मूल वर्गात घ्यायचं आणि विनंती त्याच दिवशी टाकायची. ऑगस्ट संपेपर्यंत ती लटकली असेल तर केंद्रप्रमुखांकडे लेखी द्यायचं. फोनवर सांगितलेलं ३० सप्टेंबरला कामाला येत नाही.

व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि एकूण निम्म्या महिला असाव्या लागतात. समितीची मुदत दोन वर्षांची आणि मुख्याध्यापक सदस्य सचिव. एकशिक्षकी होऊ घातलेल्या शाळेत या समितीचा ठराव हेच गावाच्या हातातलं साधन आहे. ‘आमची शाळा बंद करू नये’ एवढ्या एका ओळीच्या ठरावाने काही होत नाही. त्यात तीन गोष्टी हव्यात : जवळच्या शाळेपर्यंतचं पायवाटेने मोजलेलं अंतर आणि वाटेतला ओढा किंवा महामार्ग, पावसाळ्यात ती वाट किती दिवस बंद असते, आणि अंगणवाडीच्या यादीवरून काढलेला पुढच्या तीन वर्षांचा संभाव्य पट.

ही शेवटची आकडेमोड अवघड नाही. पहिलीसाठी ३१ डिसेंबरला ६ वर्षं पूर्ण लागतात. जून २०२६ च्या पहिलीसाठी २०२० मध्ये जन्मलेली मुलं मोजायची, २०२७ साठी २०२१ ची, २०२८ साठी २०२२ ची. त्यात सध्याची मुलं मिळवायची आणि दरवर्षी बाहेर पडणारा शेवटचा वर्ग वजा करायचा. स्थलांतर करणारी कुटुंबं दिवाळीच्या आसपास निघतात, म्हणजे ३० सप्टेंबरला त्यांची मुलं गावातच असतात, त्यांची नावं या यादीतून गाळू नयेत. तीन वर्षांचा हा तक्ता वहीच्या एका पानावर बसतो. त्याची सही-शिक्क्याची प्रत ग्रामसभेच्या ठरावाला जोडावी, आणि आवक क्रमांकाची पोच शाळेच्या फाइलला लावून ठेवावी.