बालन्यायात पीएचडी करायचीये? नेट परीक्षेपेक्षा परवानगीची फाईल जास्त दमवते

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरचं पोर्शे प्रकरण झालं, अल्पवयीन मुलाला ३०० शब्दांच्या निबंधावर जामीन मिळाल्याची बातमी घरोघरी पोचली आणि तेव्हापासून "मला बालगुन्हेगारीवर संशोधन करायचंय, काय करावं लागेल" असं विचारणारी पोरं भेटतच असतात. चांगलं आहे, विषयाला माणसं हवीच आहेत. पण यातली बरीच जण अभ्यासात कमी पडून मागे राहत नाहीत, कागदांत अडकतात. म्हणून जिथे गाडी अडते तेवढंच सविस्तर लिहितोय, बाकीचं थोडक्यात.

नेट म्हणजे यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) राष्ट्रीय पात्रता परीक्षा, प्राध्यापकीसाठी आणि पीएचडीसाठी. तिची पात्रता सोपी आहे. मास्टर्सला ५५ टक्के, ओबीसी नॉन क्रिमीलेयर, एससी, एसटी, दिव्यांग यांना ५० टक्के. क्रिमिनॉलॉजी, म्हणजे गुन्हेगारीशास्त्र, हा नेटचा स्वतंत्र विषय आहे, कोड ६८. पेपर दोन, मिळून १५० प्रश्न, ३०० मार्क, तीन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही. जेआरएफला (पीएचडी करताना दरमहा मिळणारी यूजीसीची फेलोशिप) वयाची अट ३० वर्षांची, मुलींना आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सूट, आणि वय मोजायची तारीख जाहिरातीत दिलेली असते ती बघायची, फॉर्म भरला त्या दिवसाची नाही. नुसत्या असिस्टंट प्रोफेसरसाठी वयाची अट नाही.

आता पहिली अडचण, विषय कुठला घ्यायचा. टिसमधून, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून, क्रिमिनॉलॉजी अँड जस्टिस केलेल्यांच्या पदवीवर सोशल वर्क असं लिहिलेलं असतं. नेटचं माहितीपत्रक सांगतं की ज्या विषयात मास्टर्स केलं त्यातच परीक्षा द्या, तो यादीत नसेल तरच जवळचा विषय घ्या. त्यामुळे "आवड क्रिमिनॉलॉजीची आहे" म्हणून ६८ कोड टाकण्याआधी मार्कशीट काढून पदवीचं नाव नीट वाचा. आणि नोकरीचाही विचार करा. आपल्याकडे क्रिमिनॉलॉजी या नावाचे विभाग बोटावर मोजण्याइतके, सागर, चेन्नई, तिरुनेलवेली ही नावं घेतली जातात पण ती सगळी महाराष्ट्राबाहेर. इथे राहून शिकवायचं असेल तर कर्वे इन्स्टिट्यूट, निर्मला निकेतन अशी समाजकार्य महाविद्यालयं किंवा लॉ कॉलेजं, म्हणजे सोशल वर्क किंवा लॉ मधलं नेट किंवा सेट (राज्याची तशीच परीक्षा) जास्त कामाला येतं. हे आधी कोणी सांगत नाही, मुलाखतीला गेल्यावर कळतं.

दुसरी अडचण दाखल्याची, आणि इथे दरवर्षी हकनाक माणसं बाद होतात. नॉन क्रिमीलेयरचा राज्याचा दाखला वेगळा आणि केंद्राच्या नमुन्यातला वेगळा. नेट केंद्राची परीक्षा आहे, तिथे केंद्राचा नमुना आणि केंद्राच्या ओबीसी यादीत तुमची जात असणं, दोन्ही लागतं. व्हीजे, एनटी, एसबीसी हे प्रवर्ग केंद्रात नाहीतच, जात केंद्राच्या यादीत असेल तर ओबीसी म्हणून फॉर्म भरायचा, नसेल तर ओपन किंवा ईडब्ल्यूएस. एसईबीसीचंही तेच, तो दाखला नेटला चालत नाही. ईडब्ल्यूएसवाल्यांनो, नेटसाठी तुम्हाला टक्क्यांत सूट नाही, ५५ च लागतात. पीएचडी प्रवेशाच्या २०२२ च्या यूजीसी नियमांत मात्र ईडब्ल्यूएसला पाच टक्के सूट आहे. एकाच यूजीसीचे दोन नियम आणि दोन्ही बरोबर, डोकं फिरतं पण तसंच आहे. सेतू केंद्रात "केंद्राचा नमुना" असं स्पष्ट म्हणा, नाहीतर तो माणूस नेहमीचाच काढून देतो.

तिसरी, मुदत चुकीची वाचणं. जून २०२४ पासून नेटच्या निकालात तीन गट आहेत, जेआरएफ, मग असिस्टंट प्रोफेसर आणि पीएचडी प्रवेश, मग फक्त पीएचडी प्रवेश. असिस्टंट प्रोफेसरची पात्रता आयुष्यभराची आहे, हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तिथेच घोटाळा होतो कारण पीएचडी प्रवेशासाठी तोच स्कोअर दुसऱ्या-तिसऱ्या गटाला निकालापासून एकच वर्ष चालतो. "नेट झालंय, सावकाश गाईड शोधू" म्हणत बसलात तर गेलं. प्रवेशात नेटला ७० टक्के वजन आणि मुलाखतीला ३०. जेआरएफवाल्यांना महिना ३७,००० रुपये पहिली दोन वर्षं, मग ४२,०००. ज्यांना जेआरएफ नाही त्यांनी बार्टी, सारथी, महाज्योती या फेलोशिप देणाऱ्या राज्याच्या संस्थांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा, आणि त्यात पीएचडी नोंदणी कुठल्या तारखांदरम्यानची हवी ती ओळ आधी वाचा, बाकी जाहिरात नंतर.

इथपर्यंत आलात तर खरी लढाई सुरू होते. निरीक्षण गृहात, म्हणजे चौकशी चालू असलेल्या मुलांना ठेवतात तिथे, जाऊन मुलांशी बोलायचं असेल तर अर्ज जातो महिला व बाल विकास आयुक्तालयाकडे, पुण्याला. "आमच्या ओळखीचे अधीक्षक आहेत, ते सोडतात आत" यावर विसंबू नका, अधीक्षकांची बदली झाली की तुमचं निम्मं फील्डवर्क हवेत. आणि मुलांची प्रकरणं जिथे चालतात त्या बाल न्याय मंडळासमोरचे कागद बघायचे असतील तर मंडळाच्या प्रधान दंडाधिकाऱ्यांना वेगळा अर्ज, आयुक्तांचं पत्र तिथे पुरत नाही.

गंमत अशी की तुमच्या विद्यापीठाची एथिक्स कमिटी (संशोधनात कोणाला इजा होऊ नये हे बघणारी समिती) म्हणते आधी महिला व बाल विकास विभागाची परवानगी आणा, आणि विभाग म्हणतो आधी एथिक्सचं पत्र जोडा. आधी अंडं की आधी कोंबडी. यात सहा-सहा महिने गेलेले लोक आहेत आणि दोन्ही टेबलांवरची माणसं अगदी शांत चेहऱ्याने सांगतात की आमचा नियमच आहे. वाट एकच, एथिक्स कमिटीकडून "विभागाच्या परवानगीच्या अधीन राहून" अशी सशर्त मान्यता लेखी मागा. बहुतेक कमिट्या देतात, फक्त कोणी मागत नाही. ते पत्र जोडून पुण्याला अर्ज करा आणि आवक नंबर टाकलेली पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. ईमेल पाठवला म्हणजे अर्ज पोचला असं समजू नका, फाईल कुठे आहे विचारायला गेलात की पहिला प्रश्न आवक नंबर काय हाच येतो.

अर्जासोबत नोंदणीचं पत्र, गाईडचं लेटरहेडवरचं पत्र, मराठीत एक-दोन पानी सारांश, कुठल्या संस्था आणि कुठल्या तारखा, हमीपत्र. काही ठिकाणी पोलिसांचा चारित्र्य दाखलाही मागतात, काढून ठेवा. आणि प्रश्नावली पूर्ण, मराठी आणि हिंदीत. इंग्रजी प्रश्नावली जोडणारे अजून आहेत, डोंगरीच्या निरीक्षण गृहातल्या पोराला ती कोण वाचून दाखवणार?

प्रश्नावलीत "तू काय गुन्हा केलास" हा प्रश्न असेल तर काढा. त्याची चौकशी चालू आहे, तो तुमच्यापुढे काय बोलेल त्याचा त्यालाच त्रास. शाळा कधी सुटली, घरी कोण असतं, आत दिवस कसा जातो, सुटल्यावर काय करायचंय, यातून तुम्हाला हवं ते बरंच मिळतं.

आता तो कागद जो कोणाकडेच नसतो, पालकांचं संमतीपत्र. मूल अठरा वर्षांखालचं, म्हणजे पालकांची संमती हवी आणि मुलाची स्वतःचीही, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे बारा वर्षांवरच्या मुलाची लेखी. पण पालक असतात बीडला ऊसतोडीवर नाहीतर उत्तर प्रदेशात गावी, काहींचा पत्ताच नसतो. पोस्टाने फॉर्म पाठवून काही होत नाही. मंडळाच्या तारखेला किंवा भेटीच्या दिवशी पालक येतात तेव्हा परिविक्षा अधिकाऱ्यांना (प्रोबेशन ऑफिसर) सोबत घेऊन समजावून सांगा, सही येत नसेल तर अंगठा आणि साक्षीदार. आई चार तास बाकावर बसून वैतागलेली असते, तिला वाटतं हा कागद सही केला की पोरगा सुटेल. तसं नाहीये हे स्वच्छ सांगा, मग सही हुकली तरी चालेल, पण गैरसमजात ठेवून घ्यायची नाही. ज्यांचे पालकच नाहीत त्यांच्यासाठी कोणाची संमती चालेल, अधीक्षक की मंडळ, हे एथिक्स कमिटीकडून सुरुवातीलाच लेखी घ्या. नाहीतर सरळ आराखडा बदला आणि सुटून आलेल्या, आता अठरा पूर्ण झालेल्यांशी बोला, ते स्वतःची सही स्वतः करतात.

संमतीपत्रात "सगळं गुप्त राहील" असं लिहू नका. मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितलं तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे ते कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, संशोधक म्हणून सूट नाही. हे मुलाला आधी सांगायचं.

दहा वर्षांच्या जुन्या फाईली तपासणार असं सिनॉप्सिसमध्ये (पीएचडीच्या आराखड्यात) लिहिणाऱ्यांनी २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम २४ वाचावं. अपिलाची मुदत संपली की बहुतेक प्रकरणांतले कागद नष्ट करायचे असतात, काही गंभीर प्रकरणं सोडून. मुलाला नवी सुरुवात मिळावी म्हणूनच ती तरतूद आहे, त्यामुळे "रेकॉर्ड देत नाहीत" म्हणून माहिती अधिकारात अर्ज टाकून चिडण्यात अर्थ नाही. आकडे हवे असतील तर एनसीआरबीचा (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा) वार्षिक अहवाल फुकट मिळतो.

आणि त्याच कायद्याचं कलम ७४. मुलाची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नाव बदललं म्हणजे झालं असं समजतात लोक, पण तालुका, शाळा, गुन्ह्याचं वर्ष आणि बापाचा धंदा एकाच परिच्छेदात लिहिला तर गावातलं कोणीही ओळखेल, आणि प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढला की तो कोणीही उघडतो. परिशिष्टात सही केलेली संमतीपत्रं स्कॅन करून लावू नका, कोरा नमुना लावा.

परवानगीच्या पत्रावर मुदत असते, ती संपायच्या महिनाभर आधीच वाढीचा अर्ज द्या, कारण वाढही त्याच टेबलावरून येते. पत्राच्या झेरॉक्स चार-पाच काढून ठेवा, गेटवरचा शिपाई एक ठेवून घेतो, अधीक्षक एक, आणि मूळ प्रत कोणालाही देऊ नका.