कर प्रवाशावर बसवावा की टाकीवर?

विमान प्रवाशांवर देशव्यापी कर लावावा, ही चर्चा युरोपातून आपल्याकडे येते तेव्हा एखादी नवी कल्पना असल्यासारखी येते. खरं तर असा कर भारतात होता. परदेशी जाणाऱ्यांवर तो १९७९ मध्ये बसला आणि देशांतर्गत तिकिटांवर १९८९ मध्ये. जानेवारी २००४ मध्ये दोन्ही रद्द झाले, तेव्हा देशातल्या प्रवासावर भाड्याच्या १५ टक्के आणि परदेश प्रवासावर माणशी ५०० रुपये पडत. त्या काळी विमानात बसणं ही चैन होती आणि चैनीवर कर, इतका साधा हिशोब होता. हवामानाचं नावही त्यात नव्हतं.

आता मागणी होते ती हवामानासाठी. पुण्यात हा विषय काढणं जरा धाडसाचंच आहे. लोहगावचं नवं टर्मिनल जुलै २०२४ मध्ये कुठे सुरू झालं, पुरंदरच्या विमानतळाचं घोंगडं अजून भिजत पडलंय, आणि इथल्या निम्म्या गप्पा ‘अमुक शहराला थेट विमान कधी’ याच्याच असतात. पण कर लावायचा की नाही यावर हमरीतुमरीवर येण्याआधी मोजायचं काय, हे बघायला हवं. तिथेच बहुतेक वाद घसरतो.

पुणे ते दिल्ली हवाई अंतर सुमारे साडेअकराशे किलोमीटर. या मार्गावर दिसणारं एअरबस ए-३२० जातीचं, १८० खुर्च्यांचं विमान दोन तासांत ढोबळमानाने ५ टन इंधन जाळतं. म्हणजे खुर्चीमागे २८ किलो. एक किलो विमान-इंधन जळलं की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. जळलेल्या मालापेक्षा धूर तिप्पट जड कसा, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. इंधनाच्या वजनात सुमारे ८६ टक्के कार्बन असतो आणि जळताना त्याच्या प्रत्येक अणूला हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू चिकटतात. कार्बनचा भार १२, तयार झालेल्या रेणूचा ४४. वाढीव वजन वातावरणातून येतं, टाकीतून नाही. तर विमान भरलेलं असेल तेव्हा आपल्या वाट्याला येतात सुमारे ८८ किलो.

‘भरलेलं असेल तेव्हा’ हे महत्त्वाचं. तेच विमान अर्धं रिकामं गेलं तरी इंधन थोडंच कमी लागतं, कारण उडवायचं असतं ते मुख्यतः विमानाचं आणि इंधनाचं स्वतःचं वजन. म्हणजे माणशी भार जवळजवळ दुप्पट होतो. माणशी कर मात्र अशा उड्डाणातून निम्माच गोळा होतो. जे उड्डाण सर्वांत उधळं, त्याला सवलत! ब्रिटनमध्ये १९९४ पासून प्रवाशांवर ‘एअर पॅसेंजर ड्यूटी’ आहे. ती माणशी न घेता अख्ख्या विमानावर घ्यावी, असं तिथल्या सरकारने २००७ मध्ये जाहीरही केलं होतं. पुढच्याच वर्षी, आर्थिक संकट ऐन भरात असताना, बेत गुंडाळला.

खुर्च्याही सगळ्या सारख्या नसतात. लांब पल्ल्याच्या विमानात बिझनेस क्लासची आडवी होणारी खुर्ची साध्या खुर्चीच्या सुमारे तिप्पट जागा खाते. धुराची वाटणी जागेच्या हिशोबाने केली तर तिथल्या प्रवाशाचा भारही तिप्पट. २०२५ च्या जूनमध्ये स्पेनमधल्या सेव्हिल इथे फ्रान्स, स्पेन, केनिया, बार्बाडोस अशा काही देशांनी वरच्या वर्गाच्या तिकिटांवर आणि खाजगी जेट विमानांवर कर बसवण्यासाठी गट केला, त्यामागे हेच गणित आहे.

इथवर हिशोब सोपा होता. पुढे आकाशातल्या पांढऱ्या रेघांचा प्रश्न येतो आणि गाडी शास्त्रज्ञांच्याही हाताबाहेर जाऊ लागते.

उंचावरून जाणाऱ्या विमानामागे जी रेघ उमटते, तिला कॉन्ट्रेल म्हणतात. ती धुराची नसते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूत बरीच पाण्याची वाफ असते. उणे ४० अंश किंवा त्याहून थंड हवेत ती मिसळली की थंडीत सकाळी आपल्या तोंडातून निघते तशी दिसू लागते. फरक इतकाच की इथे काजळीच्या कणांभोवती थेंब धरतात आणि लगेच गोठून त्यांचे बर्फकण होतात. भोवतालची हवा कोरडी असेल तर रेघ मिनिटभरात विरते. हवा आधीच बाष्पाने भारलेली असेल, तर मात्र रेघ तासन्‌तास टिकते, पसरते आणि तिचा विरळ ढग होतो. हा ढग जमिनीकडून अवकाशात निघालेली उष्णता अडवतो. दिवसा तो थोडा सूर्यप्रकाश परतही पाठवतो, म्हणजे काही प्रमाणात भरपाई होते. रात्री परत पाठवायला ऊनच नसतं, त्यामुळे रात्रीची रेघ फक्त तापवते.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा निष्कर्ष असा, की विमानांमुळे आजवर झालेल्या तापमानवाढीच्या परिणामात कार्बन डायऑक्साइडचा वाटा फक्त एक तृतीयांश आहे. उरलेल्या दोन तृतीयांशात या रेघा आणि नायट्रोजनची ऑक्साइडं येतात, पण त्यातली अनिश्चितताही दांडगी आहे. दोन्हींची मुदतही वेगळी: रेघ काही तासांची, कार्बन डायऑक्साइड शतकांचा.

युरोपीय कार्यकर्ते यावरून सरसकट म्हणतात, की कार्बनच्या आकड्याला दोनने किंवा तीनने गुणा. आपल्याकडे हा गुणक जसाच्या तसा उचलणं मला धोक्याचं वाटतं. उष्ण कटिबंधात ११ किलोमीटर उंचीवरची हवा युरोपातल्या त्याच उंचीवरच्या हवेपेक्षा बरीच उबदार असते, त्यामुळे रेघ उमटण्याची उंची वर सरकते. पुणे-दिल्ली विमान आणि लंडन-न्यूयॉर्क विमान यांचा ‘रेघांचा’ वाटा एकच असेल असं मानायला आधार नाही. हे काम पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेसारख्या ठिकाणी भारताच्या आकाशासाठी व्हायला हवं. तोवर कराच्या कोष्टकात रेघांना जागा देऊ नये. शिवाय त्यांच्यावर कराहून स्वस्त उपाय दिसतो आहे. २०२३ मध्ये गूगल आणि अमेरिकन एअरलाइन्सने ७० चाचणी उड्डाणांत वैमानिकांना बाष्पाचे थर टाळून उंची बदलायला सांगितलं, तेव्हा रेघा ५४ टक्क्यांनी घटल्या.

आता मूळ वादाकडे. कर ‘राष्ट्रीय’च का हवा? याचं उत्तर पुणेकराला समजावायला नको. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आणि अडीच किलोमीटरच्या आसपास लांबीची. लांबच्या परदेशी प्रवासाला एक्स्प्रेस वेवरून मुंबई गाठायची ही आपली जुनी सवय. उद्या एकट्या पुण्यात कर बसला तर दुबईचे प्रवासीही कॅब करतील आणि विमानाच्या धुरात डिझेलची भर पडेल. देश छोटा असला तर देशव्यापी करही पुरत नाही. नेदरलँड्सने जुलै २००८ मध्ये प्रवासी कर लावला, लोक सीमेपलीकडच्या जर्मन विमानतळांवर जाऊ लागले, वर्षभरात कर मागे घ्यावा लागला. २०२१ मध्ये तो पुन्हा आला. स्वीडनने २०१८ मध्ये लावलेला कर जुलै २०२५ मध्ये काढून टाकला.

मग सरळ इंधनावरच कर का नाही? देशांतर्गत विमानांच्या बाबतीत उत्तर असं, की तो आहेच. विमान-इंधन जीएसटीच्या बाहेर आहे. केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट त्यावर लागतो. महाराष्ट्राने मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी हा व्हॅट २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. करून बघू गणित: ५ टन म्हणजे सुमारे ६,२५० लिटर. भाव लिटरला ९० रुपये धरला तर १८ टक्के व्हॅट एका उड्डाणाला लाखभर रुपये, खुर्चीमागे साधारण ५६० रुपये होतो. ८८ किलो धुराला ५६० रुपये, म्हणजे टनाला सहा हजारांच्या वर. युरोपच्या कार्बन बाजारात (तिथे कंपन्या धूर सोडण्याचे परवाने विकत घेतात) २०२४ मध्ये टनाचा भाव सरासरी ६५ युरोच्या आसपास, म्हणजे जवळपास तेवढाच होता! दिल्लीला जाणारा पुणेकर युरोपच्या तोडीचा कार्बन कर केव्हाचाच भरतोय, फक्त तिकिटावर तसं कुणी छापत नाही.

पण हा व्हॅट राज्यागणिक वेगळा. काही राज्यांत एक ते चार टक्के, काही ठिकाणी २५ च्या वर. त्यामुळे जिथे इंधन स्वस्त तिथे टाकी गरजेपेक्षा जास्त भरून घ्यायची, असा उद्योग चालतो. विमान व्यवसायात त्याला ‘टँकरिंग’ म्हणतात. जादा इंधन वाहून न्यायलाही इंधन जळतं, दर तासाला त्या जादा वजनाच्या तीनेक टक्के. कर वाचवण्यासाठी धूर वाढवायचा. देशात एकच दर ठेवला तर हे थांबेल, आणि त्यासाठी प्रवाशावर नव्या कराची गरजच नाही.

खरं भोक आहे ते परदेशी उड्डाणांत. १९४४ च्या शिकागो करारानुसार विमान टाकीत घेऊन आलेल्या इंधनावर उतरल्या देशात कर लावता येत नाही. तिथे भरून घेतलेल्या इंधनाला पुढे देशादेशांतल्या द्विपक्षीय करारांनी सूट दिली. म्हणून परदेशी कंपनीच्या विमानाने न्यूयॉर्कला निघालेला प्रवासी खुर्चीमागे शेकडो किलो इंधन जाळतो आणि त्यावर सहसा दमडीचाही कर नसतो. टाकीला हात लावता येत नाही, म्हणून तिकिटाला लावायचा: प्रवासी कराची एवढीच प्रामाणिक बाजू मला दिसते.

तो आणायचाच तर फक्त परदेश प्रवासावर, अंतर आणि खुर्चीचा वर्ग बघून आणावा. जुना ५०० रुपयांचा सरसकट कर परत आणण्यात अर्थ नाही. दुबई सुमारे दोन हजार किलोमीटर, न्यूयॉर्क बारा हजारांच्या वर, आणि दोघांना एकच पावती कशी चालेल? आलेला पैसा सरकारी तिजोरीत विरघळू नये, हेही आलंच. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एअर एशिया इंडियाच्या विमानात पुण्याच्याच प्राज कंपनीने इंडियन ऑइलच्या साथीने तयार केलेलं जैवइंधन थोडंसं मिसळलेलं होतं. अल्कोहोलपासून ते बनतं. जळताना त्यातूनही तेवढाच धूर निघतो, पण त्यातला कार्बन वनस्पतींनी अलीकडेच हवेतून घेतलेला असतो. सरकारने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १ टक्का आणि २०३० मध्ये ५ टक्के अशा इंधनाचं उद्दिष्ट ठेवलं आहे. हे इंधन साध्या इंधनापेक्षा बरंच महाग पडतं, तो फरक भरून काढायला कराचा पैसा हवा. (उसाला लागणाऱ्या पाण्याचा हिशोब मात्र मराठवाड्याला विचारून करावा.)

पळवाट याही करात राहणारच. लंडनला जाणारा माणूस दुबईपर्यंत एक आणि पुढे दुसरं, अशी दोन तिकिटं काढेल आणि कमी अंतराचा कर भरेल. ब्रिटनमध्ये एका तिकिटावर अखेरचं ठिकाण धरून कर लागतो, तरी वेगळी तिकिटं काढणाऱ्याला तो पकडता येत नाही. ही वाट बंद व्हायची तर द्विपक्षीय करारांतली इंधनाची सूट काढावी लागेल, आणि ते काम प्रत्येक देशाशी स्वतंत्र टेबलावर बसून करायचं आहे.